शेजारी आपल्याबद्दल काय साक्ष देतील? मराठी मंडळ्यांच्या पाळकांना आणि वडीलजनांना खुले पत्र

महाराष्ट्रातील मराठी ख्रिस्ती मंडळ्यांचे आदरणीय पाळक, वडीलजन, विश्वस्त आणि तरुण संघातील बंधुभगिनींनो,

प्रभूच्या नावाने सप्रेम सलाम.

हे सगळे मला मंडळीच्या वार्षिक सभेत उभे राहून बोलता आले असते. पण ज्याविषयी लिहायचे आहे ते आपल्या मंदिराच्या, म्हणजे चर्चच्या, आवाराबाहेर घडते आणि बाहेरची माणसे ते रोज पाहतात. म्हणून पत्र उघड लिहिते आहे.

आपण ख्रिस्ताचे प्रतिनिधी आहोत हे उपदेशात आपण लहानपणापासून ऐकत आलो. प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिले, आम्ही ख्रिस्ताच्या वतीने वकिली करतो. त्याच पत्रात थोडे आधी तो म्हणतो की तुम्हीच आमचे पत्र आहात, सर्व माणसांनी वाचावे असे. ही 'सर्व माणसे' कोण, याचा विचार आपण फारसा करत नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक सुमारे १०.८ लाख होते. शंभर माणसांत एकसुद्धा पुरता भरत नाही. याचा साधा अर्थ असा की बहुतेक मराठी माणसांना आयुष्यात एखाद-दुसराच ख्रिस्ती माणूस जवळून भेटतो. कोणाला शाळेतल्या बाई, कोणाला दवाखान्यातल्या सिस्टर, कोणाला तालुक्याच्या कचेरीतला कारकून, कोणाला शेताच्या बांधापलीकडचा भाऊबंद. त्या एकाच माणसावरून त्यांचे ख्रिस्ताबद्दलचे मत ठरते. चार शुभवर्तमाने त्यांनी वाचलेली नसतात आणि ती वाचावीशी वाटावीत की नाही, हेही त्या एका माणसावरच ठरते.

नारायण वामन टिळकांचेच घ्या. १८९३ साली राजनांदगावला जाताना आगगाडीत त्यांना एक युरोपियन गृहस्थ भेटले. ते टिळकांशी अदबीने वागले, संस्कृत काव्याविषयी बोलले आणि जाताना नव्या कराराची एक प्रत देऊन गेले. टिळकांनी ती वाचली, डोंगरावरच्या प्रवचनाने ते हलून गेले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. मराठी मंडळ्या आजही ज्यांची भजने गातात, त्या कवीला ख्रिस्ताकडे नेणाऱ्या त्या प्रवाशाचे नाव टिळकांना कळले नाही, असे सांगतात. एक प्रवास, काही तासांची सोबत. इंग्रजांच्या राज्यात गोरा माणूस काळ्या माणसाशी आगगाडीच्या डब्यात कसा वागायचा हे टिळकांना ठाऊक होते. म्हणून त्या माणसाची अदब त्यांच्या मनात राहिली असावी, असे मला वाटते. तो माणूस उद्धट असता तर पुस्तकाचे काय झाले असते?

आज आपल्या डब्यात बसलेल्या माणसाला आपल्याकडून काय मिळते, हा माझा प्रश्न आहे.

सगळ्यात आधी हिशेब, कारण आपली बदनामी तिथे सर्वांत जास्त होते आणि तिच्याबद्दल व्यासपीठावरून आपण सर्वांत कमी बोलतो. मिशनऱ्यांनी मागे ठेवलेल्या जमिनी, बंगले, शाळा, दवाखाने, वसतिगृहे आज आपल्या विश्वस्त संस्थांच्या नावावर आहेत. शहरे वाढली तशी या जागांची किंमत कोटींत गेली. त्याबरोबर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात आपल्या फायलींचे गठ्ठे वाढले. एका संस्थेवर दोन-दोन कार्यकारिणी दावा सांगतात, एकमेकांच्या चेंज रिपोर्टला, म्हणजे विश्वस्त बदलल्याच्या नोंदीला, हरकती घेतात, स्थगिती आणतात. कार्यालयातला शिपाईसुद्धा आपल्या माणसांना चेहऱ्याने ओळखतो. रविवारी शेजारी बसून प्रभुभोजन घेणारे दोन भाऊ सोमवारी दोन वकील घेऊन समोरासमोर उभे राहतात. एका गावात मी पाहिले आहे, मंदिराच्या दाराला दोन गटांची दोन कुलुपे होती आणि नाताळची उपासना रस्त्यावर झाली. गाव बघत होते. गावातल्या एका वारकरी आजींनी आमच्यातल्या एका बाईला विचारले, "तुमच्यातबी असंच असतं व्हय?" त्या आजींना उत्तर द्यायला आमच्यापैकी कोणाची मान वर होईना.

पौलाने करिंथकरांना याच गोष्टीवरून खडसावले होते. भाऊ भावावर फिर्याद करतो आणि तीही विश्वास न ठेवणाऱ्यांपुढे! त्यापेक्षा अन्याय सोसून का घेत नाही, असे त्याने विचारले. माझे म्हणणे मात्र नीट समजून घ्यावे. कोणी मंडळीची जमीन खोटे कागद करून विकत असेल तर त्याच्याविरुद्ध कायद्याकडे गेलेच पाहिजे. तिथे गप्प बसणे म्हणजे चोरीला हातभार लावणे. मी बोलते आहे ते खुर्चीच्या भांडणांविषयी. चिटणीस कोण, सही कोणाची, भाडे कोणी वसूल करायचे, एवढ्यासाठी वर्षानुवर्षे चाललेल्या दाव्यांविषयी. या दाव्यांचा खर्च अर्पणाच्या पैशातून होतो. मोलमजुरी करणारी बाई आठवड्याच्या कमाईतून पाकिटात घालते ते पैसे तारखांवर उडतात.

पैशाच्या बाबतीत पौलाचा स्वतःचा नमुना आपल्यासमोर आहे. यरुशलेमच्या गरिबांसाठी गोळा झालेली वर्गणी त्याने एकट्याने नेली नाही. मंडळ्यांनी निवडलेली माणसे बरोबर घेतली आणि कारणही लिहून ठेवले: केवळ प्रभूपुढे नव्हे, तर माणसांपुढेही जे योग्य ते करण्याची आम्ही काळजी घेतो. प्रेषितालासुद्धा "माझ्यावर विश्वास ठेवा" एवढे म्हणून भागले नाही. मग आपल्या मंडळीचा लेखापरीक्षण अहवाल फलकावर का लागत नाही? नोंदणीकृत संस्थेला तो कायद्यानेच दरवर्षी तयार करून सादर करावा लागतो. कागद तयार असतो, तो मंडळीच्या डोळ्यांसमोर येत नाही इतकेच. हिशेब विचारणाऱ्याला "बंडखोर" म्हणणारे वडीलजन मी पाहिले आहेत. हिशेब विचारणारा माणूस मंडळीची अब्रू राखत असतो, हे आपण शिकायला हवे.

आता ज्या गोष्टीची मला सर्वांत जास्त भीती वाटते, तिच्याकडे येते. गेल्या काही वर्षांत शहरांच्या कडेला, वस्त्यांमध्ये, भाड्याच्या हॉलमध्ये चंगाईच्या सभा वाढल्या आहेत. प्रार्थनेने आजारी बरे होतात यावर माझा विश्वास आहे. मी स्वतः आजाऱ्याच्या उशाशी बसून प्रार्थना करते आणि करत राहीन. पण फलकावर 'कॅन्सर, एड्स, मधुमेह बरे होतील' असे छापणे, माइकवर "गोळ्या बंद करा, विश्वास ठेवा" म्हणणे, आणि नंतर ती बाई साखर वाढून दवाखान्यात गेली की "विश्वास कमी पडला" असे सांगणे, हे ख्रिस्ताच्या नावावर केलेले क्रौर्य आहे. कायदा याबाबत काय म्हणतो ते वकील सांगतील. १९५४ चा जादुई उपचारांच्या जाहिरातींविरुद्धचा कायदा आहे, महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. मला शास्त्राकडे बोट दाखवायचे आहे. येशूने कुष्ठरोग्याला बरे केले तेव्हा काय सांगितले? कोणाला काही बोलू नकोस, जा आणि स्वतःला याजकाला दाखव. त्या काळी कुष्ठ गेले की नाही हे तपासण्याचा अधिकार याजकाकडे होता. म्हणजे जाहिरात नाही आणि तपासणी मात्र हवी. आपल्या सभांत नेमके उलट चालते. तपासणी कोणी मागितली तर तो सैतानाचा हस्तक ठरतो आणि जाहिरात चौकाचौकात लागते.

हे मी मोठ्या वेदनेने लिहिते, कारण मराठी मुलखात आपली ओळख औषधाने झाली. १८९४ मध्ये डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत रुग्णालय सुरू केले आणि पुढे मिरज हे वैद्यकीय उपचारांचे गाव म्हणून दूरवर नावाजले. गावोगावच्या लोकांनी 'मिशनचा दवाखाना' हे शब्द भरवशाचे म्हणून वापरले. तिथल्या सिस्टर रात्री कंदील घेऊन वॉर्डातून फिरत आणि त्यातल्या कितीतरी आपल्याच आज्या, आत्या, मावश्या होत्या. त्यांनी कोणाचे औषध बंद करून प्रार्थना केली नाही. औषध देऊन प्रार्थना केली.

जामखेडची गोष्ट तर अगदी अलीकडची. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे, दोघे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकले. परदेशात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन परतले आणि १९७० मध्ये जामखेडसारख्या दुष्काळी तालुक्यात येऊन बसले. त्यांना शहरात सुखाने राहता आले असते. रुग्णालय बांधून ते थांबले नाहीत. गावांमधल्या बायकांना, बऱ्याचदा निरक्षर आणि दलित बायकांना, त्यांनी आरोग्यसेविका म्हणून शिकवले. ज्या बाईच्या हातचे पाणी गाव घेत नव्हते, तीच आता गावातली बाळंतपणे करू लागली, बाळांचे वजन करू लागली, जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी पाजायला आईला शिकवू लागली. प्रशिक्षणासाठी वेगवेगळ्या जातींच्या बायका जामखेडला एकत्र राहत आणि एकत्र जेवत. दुष्काळात बोअर घ्यायची वेळ आली तेव्हा जागा दलित वस्तीच्या बाजूला बघितल्या गेल्या, म्हणजे पाण्यासाठी सगळ्या गावाला तिकडे यावे लागेल. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. डॉ. मेबल १९९९ मध्ये गेल्या, डॉ. रजनीकांत २०११ मध्ये. त्यांची श्रद्धा त्यांनी कधी लपवली नाही आणि ती कोणाच्या गळ्यातही मारली नाही. एखाद्या आरोग्यसेविकेने "तुम्ही हे का करता?" असे विचारल्यावर ते जे सांगत असतील, त्याला मी साक्ष म्हणते. पेत्राने लिहिलेच आहे की तुमच्या आशेचे कारण कोणी विचारले तर उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेने आणि आदराने. आधी कोणाला तरी विचारावेसे वाटले पाहिजे, हे त्या वचनातच आले.

आदराचा विषय निघालाच आहे तर तरुण संघातल्या भावांना एक गोष्ट सांगते. प्रेषितांच्या कृत्यांच्या एकोणिसाव्या अध्यायात इफिस शहरात मोठी दंगल होते. अर्तमी देवीच्या चांदीच्या देव्हाऱ्यांचा धंदा बुडेल या भीतीने देमेत्रिय सोनार लोकांना भडकवतो, पौलाच्या सोबत्यांना पकडून नाट्यगृहात ओढत नेतात आणि दोन तास घोषणा चालतात. शेवटी शहराचा चिटणीस उठतो. तो ख्रिस्ती नाही, अर्तमीचा भक्त आहे. तो जमावाला म्हणतो, ही माणसे देवळे लुटणारी नाहीत आणि आपल्या देवीची निंदा करणारीही नाहीत. पौल त्या शहरात सुमारे तीन वर्षे होता. मूर्तिपूजेबद्दल त्याचे मत त्याने लपवले नव्हते. तरीही शहराचा अधिकारी भर सभेत, संतापलेल्या जमावापुढे, ही साक्ष देऊ शकला. पौलाच्या सोबत्यांचा जीव त्या दिवशी शेजाऱ्यांच्या साक्षीने वाचला.

आता आपल्या एखाद्या गावात उद्या असा जमाव जमला, तर सरपंच उठून आपल्याबद्दल हेच म्हणू शकतील का? काही ठिकाणी नक्की म्हणतील. मला अशी गावे ठाऊक आहेत. पण मोबाइलवर फिरणाऱ्या काही उपदेशांत शेजाऱ्यांच्या देवदेवतांची टिंगल असते. विठ्ठलाबद्दल, खंडोबाबद्दल, गणपतीबद्दल असे शब्द असतात की ऐकणाऱ्याची मान खाली जावी. आपल्यातल्या काहींना त्यात शौर्य वाटते. हे बोलणारा माणूस सुरक्षित हॉलमध्ये बसलेला असतो. त्याची किंमत दूरच्या पाड्यावरची एखादी विधवा मोजते, जिला गावातल्या नळावर पाणी भरायचे असते. आणि किंमत कोणी मोजायची नसती तरी ते चुकीचेच होते. ज्याने विहिरीवर शमरोनी बाईशी बोलताना तिच्याकडे पाणी मागून सुरुवात केली, त्याच्या नावाने आपण शेजाऱ्याचा देव्हारा कसा थट्टेवारी नेतो?

धर्म पाळण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य घटनेच्या २५ व्या कलमाने प्रत्येकाला दिले आहे. दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क त्यात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये सांगितले. या निकालावर आपल्यात मतभेद आहेत. पण आमिष, दबाव किंवा फसवणूक यांनी झालेला बाप्तिस्मा हा बाप्तिस्माच नव्हे, हे सांगायला आपल्याला न्यायालयाची गरज पडू नये. आपल्यावर खोटे आरोप होतात, प्रार्थनासभा बंद पाडल्या जातात, पाळकांना मारहाण होते, हे मी जाणते आणि त्याविरुद्ध कायदेशीर लढा द्यायलाच हवा. अशा वेळी आपल्याजवळचे सर्वांत मोठे बळ म्हणजे दारे उघडी असणे. पोलिसांनी विचारले, शेजाऱ्यांनी विचारले, पत्रकाराने विचारले, तर दाखवता येणार नाही असे आपल्याकडे काही नसावे.

पंडिता रमाबाईंच्या बाबतीत हा प्रश्न किती नाजूक होता ते आठवा. ख्रिस्ती झालेल्या रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत विधवांच्या शिक्षणासाठी शारदा सदन काढले, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेले. धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याचे वचन त्यांनी दिले होते. त्या स्वतःची प्रार्थना आपल्या खोलीत करत, दार बंद करत नसत आणि मुली येऊन बसत. १८९३ मध्ये यावरून पुण्यात वादळ उठले, सल्लागार मंडळातील सभ्य गृहस्थ बाजूला झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. आजही महाराष्ट्रात या प्रकरणावर दोन्ही बाजूंनी लिहिले जाते. माझे मत विचाराल तर रमाबाईंनी दार उघडे ठेवले हे बरोबर केले. बंद दाराआड प्रार्थना केली असती तर संशय दुप्पट झाला असता. पण दुखावलेल्या आई-बापांची भीतीही मला खोटी वाटत नाही. आपली पोर आपल्याला न विचारता परकी होईल ही भीती कोणत्याही आईला असते. तिला हसू नये आणि तिच्याशी खोटे बोलू नये.

रमाबाईंकडून आणखी एक गोष्ट घ्यावी. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगची साथ आली, तेव्हा सरकारी प्लेग छावणीत स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध त्यांनी वर्तमानपत्रात उघड पत्र लिहिले आणि त्याचे पडसाद थेट इंग्लंडच्या पार्लमेंटात उमटले. सत्तेवर ख्रिस्ती म्हणवणारेच होते. रमाबाईंनी त्यांची भीड ठेवली नाही. इंग्लंडमध्ये असतानाही त्यांनी शाकाहार आणि भारतीय पेहराव सोडला नव्हता, आणि तिथल्या धर्मगुरूंनी सांगितले म्हणून आपल्या बुद्धीवर पडदा ओढला नव्हता. त्या विदेशी चर्चच्याही प्रतिनिधी झाल्या नाहीत आणि सरकारच्याही. मराठी बाई म्हणून त्या ख्रिस्ताच्या राहिल्या. दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली आणून केडगावला मुक्ती सदनात सांभाळल्या, त्यांच्या हातांना कामे दिली, छापखाना चालवायला शिकवला. म्हातारपणी हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत शास्त्राचे भाषांतर केले. आज आपल्या मंडळ्यांमधून मराठी हळूहळू मागे पडते आहे. गाणी हिंदी-इंग्रजीतून उचललेली, उपदेशाचा सूर परदेशी वाहिन्यांवरून घेतलेला. शेजाऱ्याला वाटते हे लोक कुठून तरी बाहेरून आलेत. टिळकांनी अभंग आणि कीर्तन मंडळीत आणले आणि त्यांच्या नगरच्या घरात बालकवींसारखा मुलगा घरच्यासारखा राहिला, जेवला, कविता करत वाढला आणि हिंदूच राहिला. त्या घराची आठवण मराठी साहित्याने प्रेमाने जपली आहे.

वसईच्या कॅथलिक बांधवांकडेही आपण पाहावे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईच्या चळवळीत पाण्यासाठी, बागायतीसाठी, झाडांसाठी सगळ्या वसईकरांच्या बाजूने उभे राहून बांधकाम लॉबीची आणि गुंडांची नाराजी ओढवून घेतली. २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा एका पाद्र्याला हे पद का म्हणून विरोध झाला, धमक्या आल्या. पाठीच्या दुखण्याने चालता येत नसतानाही ते गेले आणि बोलले. जुलै २०२४ मध्ये ते गेले तेव्हा वसईत रडणाऱ्यांमध्ये किती धर्मांची माणसे होती! आपण प्रॉटेस्टंट मंडळ्या अशा बाबतीत मागे का राहतो? आपल्या गावच्या ओढ्याचे, कचऱ्याचे, दारूच्या दुकानाचे, शाळेतल्या गळतीचे प्रश्न आपले नाहीत का? आपण फक्त आपल्यावर हल्ला झाला की मोर्चा काढतो.

जातीबद्दल थोडक्यातच लिहिते, कारण जे लिहायचे ते तुम्ही सगळे जाणता. आपले बहुतेक पूर्वज गावकुसाबाहेरून ख्रिस्ताकडे आले. त्यांना तिथे माणूस म्हणून बोलावले गेले, हीच त्यांची साक्ष होती. आणि आज स्थळ बघताना "पूर्वीचे कोण?" असा प्रश्न पाळकांच्या घरातसुद्धा विचारला जातो. मंडळीच्या निवडणुकीत पॅनेल याच हिशेबाने उभे राहते. बाबासाहेबांनी दाखवलेल्या वाटेने गेलेले आपले बौद्ध भाऊबंद हे सगळे पाहतात आणि आपल्याबद्दल काय म्हणतात ते मी इथे लिहीत नाही.

याच्याशी गुंतलेला एक अवघड प्रश्न मात्र बाजूला सारता येत नाही. राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती ख्रिस्ती झालेल्या दलितांना नाकारल्या. पुढे १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात घेतले गेले, आपण अजून बाहेर आहोत. म्हणून आपली कितीतरी मुले शाळेच्या दाखल्यावर एक आणि मंडळीच्या नोंदवहीत दुसरी ओळख घेऊन जगतात. व्यासपीठावरून त्यांना "ख्रिस्ताला नाकारणारे" म्हणून झोडपणे मला मान्य नाही. पोटाचा आणि शिक्षणाचा प्रश्न असलेल्या पोरावर आपण दगड उचलू नये. अन्याय आदेशात आहे. पण मुलांनी खोटे बोलूनच पुढे जावे अशी अवस्था मंडळीने मुकाट्याने चालवून घ्यावी, हेही मान्य नाही. जी मुलगी दाखल्यावर ख्रिस्ती लिहिते आणि सवलत गमावते, तिची फी मंडळीने भरली पाहिजे. जमिनींचे भाडे येते, हॉलचे भाडे येते, स्नेहभोजनांवर आणि मंडपांवर खर्च होतो. हा खर्च आधी यावर व्हावा. खरे बोलण्याची किंमत एकट्या मुलीने मोजायची आणि तिच्या साक्षीची वाहवा मंडळीने करायची, यात मला न्याय दिसत नाही.

वडीलजन, आपल्याकडून मी मोठे ठराव मागत नाही. येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर चार विषय घ्यावेत एवढीच विनंती आहे. लेखापरीक्षण अहवाल आणि जागांच्या भाड्याची यादी मंडळीच्या फलकावर लावणे. संस्थेचे कोणते दावे खुर्चीचे आहेत ते पाहून ते मध्यस्थीने मिटवण्यासाठी दोन्ही गटांना मान्य अशी तीन माणसे नेमणे, आणि त्यात निदान एक बाई असावी. आपल्या मंदिरात किंवा हॉलमध्ये येणाऱ्या कोणत्याही उपदेशकाने औषध थांबवायला सांगायचे नाही आणि दुसऱ्या धर्माची निंदा करायची नाही, हे त्याच्याकडून आधी लिहून घेणे. आणि शिक्षण निधी. या चारही गोष्टींना कोणत्याही बिशपांच्या किंवा वरच्या मंडळाच्या परवानगीची गरज नाही.

पाळकसाहेब, आपल्यालाही एक विनंती आहे. गृहभेटींना जाता तेव्हा फक्त सभासदांच्या घरी जाऊ नका. मंदिराच्या भिंतीला लागून ज्यांची घरे आहेत, त्यांच्याकडेही जा, पत्रके न घेता. आमच्या लाउडस्पीकरचा त्रास होतो का, आमच्या गाड्या तुमच्या दारात लागतात का, आमच्याबद्दल तुम्हाला काय वाटते, असे विचारा. ते जे सांगतील ते पुढच्या रविवारी जाहिरातींच्या वेळी, काही न गाळता, मंडळीला वाचून दाखवा. आम्ही ऐकायला बसलेले असू.

आपली नम्र भगिनी,
नगरच्या एका मंडळीची सभासद